वर्की प्रोटीन तुमच्या जीनच्या प्रोमोटरवर खरंच बसतं का, हे कसं तपासायचं

वर्की (WRKY) म्हणजे झाडांमधली, डीएनएवर बसून जीन चालू-बंद करणारी प्रोटीनं, आणि प्रोमोटर म्हणजे जीनच्या आधीचा, तो कधी चालू व्हायचा हे ठरवणारा डीएनएचा तुकडा. पहिलं म्हणजे प्रोमोटरमध्ये डब्ल्यू-बॉक्स दिसला म्हणून तिथे वर्की बसतंच असं अजिबात नाही, बरेच जण इथेच घसरतात. डब्ल्यू-बॉक्स म्हणजे वर्की ज्यावर बसतात तो डीएनएचा छोटा सिक्वेन्स, टी-टी-जी-ए-सी आणि पुढे सी किंवा टी. आता हिशोब करा ना, सहा बेसचे ४०९६ प्रकार होतात, त्यातले २ आपल्याला चालतात आणि स्ट्रँड दोन, म्हणजे साधारण दर १०२४ बेसला एक बॉक्स नुसत्या योगायोगाने सापडणार. १५०० बेसचा प्रोमोटर घेतलात तर एक-दीड असाच फुकटात, आणि नुसता टी-जी-ए-सी हा गाभा शोधलात तर डझनभर! (प्रोमोटरमध्ये ए-टी जास्त असतात त्यामुळे आकडा थोडा हलतो, पण अंदाज येतो.)

तरी शोधायचं तर आहेच. दोन्ही स्ट्रँड बघा, उलट्या बाजूने ते जी-जी-टी-सी-ए-ए किंवा ए-जी-टी-सी-ए-ए असं दिसतं. दोन-तीन बॉक्स जवळजवळ असतील तर तो तुकडा आधी घ्या. आजूबाजूचे बेसही लिहून ठेवा, कारण अरॅबिडॉप्सिसमधल्या (हे लॅबमध्ये नेहमी वापरतात ते छोटं झाड) वर्की-६ आणि वर्की-११ ला बॉक्सच्या लगेच आधी जी आवडतो, वर्की-२६, ३८, ४३ ला मात्र टी, सी किंवा ए.

मग प्रोटीन. अरॅबिडॉप्सिसमध्ये हे सत्तरच्या वर आहेत, भातात शंभराच्या वर, त्यामुळे आपलं कुठल्या ग्रुपमधलं ते बघून घ्या. साधारण ६० अमिनो अ‍ॅसिडचं डोमेन (डीएनए धरणारा भाग) असतं, सुरुवातीला डब्ल्यू-आर-के-वाय-जी-क्यू-के ही सात अमिनो अ‍ॅसिडची अक्षरं आणि मागे झिंक फिंगर, म्हणजे झिंकभोवती घडी पडलेला भाग. ग्रुप १ मध्ये अशी दोन डोमेन असतात, पण डीएनए धरायचं काम मुख्यतः सी-टर्मिनलवालं (प्रोटीनच्या शेवटाकडचं) करतं, म्हणून ई. कोलायमध्ये पूर्ण प्रोटीन विरघळत नसेल तर तेवढंच डोमेन बनवा, डोक्याचा ताप वाचतो. आणि त्या सात अक्षरांत क्यूच्या जागी के असेल तर सावध व्हा, तंबाखूतलं तसं एक वर्की-१२ डब्ल्यू-बॉक्स सोडून वेगळ्याच सिक्वेन्सवर बसतं.

बसतं कसं हे माहीत असलं की कंट्रोल आपोआप सुचतात. डोमेनची बीटा शीट असते, त्यातला ती सात अक्षरं असलेला स्ट्रँड डीएनएच्या मेजर ग्रूव्हमध्ये पाचरीसारखा घुसतो आणि तिथल्या टी बेसच्या मिथाइल ग्रुपना टेकतो. झिंक गेला की हा आकारच ढासळतो, म्हणून बाइंडिंग बफरमध्ये ईडीटीए घालू नका (ते झिंक ओढून घेतं), डीटीटी पण १ मिलिमोलरच्या आसपासच ठेवा. रॅल्स्टोनिया बॅक्टेरियाचा पॉप-पी-२ एन्झाइम तर याच सात अक्षरांमधल्या शेवटच्या लायसिनवर (के) अ‍ॅसिटिल चिकटवतो आणि प्रोटीनची डीएनएवरची पकड सुटते, भारी चाल आहे! आपणही तोच लायसिन बदलून म्युटंट प्रोटीन करायचं, यापेक्षा चांगला निगेटिव्ह कंट्रोल नाही.

आता जेल शिफ्ट, म्हणजे प्रोटीन बसलेला डीएनए जेलमध्ये हळू सरकतो आणि त्याचा पट्टा वर दिसतो, ती टेस्ट. प्रोब (खुणेचा डीएनए तुकडा) २५-३० बेसपेअरचा घ्या, बॉक्स मधोमध, एका टोकाला खुणेसाठी बायोटिन. दुसरा प्रोब हुबेहूब तसाच, फक्त टी-जी-ए-सी च्या जागी टी-जी-ए-ए, बाकी काही हलवायचं नाही. पॉली डीआय-डीसी (बॉक्स नसलेला साधा कृत्रिम डीएनए) घालायला विसरू नका, नाहीतर प्रोटीन कुठल्याही डीएनएला चिकटून खोटी शिफ्ट दाखवतं. नेटिव्ह जेल ५-६ टक्के, कोल्ड रूममध्ये, व्होल्टेज कमी. लेन अशा लावा: नुसता प्रोब, प्रोब आणि प्रोटीन, त्यात ५० ते २०० पट कोल्ड (म्हणजे बायोटिन नसलेला) प्रोब, तेवढाच कोल्ड म्युटंट प्रोब, म्युटंट प्रोटीन, आणि नुसता टॅग (प्रोटीन शुद्ध करायला जोडलेला तुकडा). कोल्ड प्रोबने शिफ्ट गेली आणि कोल्ड म्युटंटने नाही गेली, तरच बाइंडिंग त्या बॉक्समुळे आहे म्हणायचं. दोन्हींनी गेली तर पॉली डीआय-डीसी वाढवून पुन्हा.

पण हे सगळं ट्यूबमधलं झालं, पेशीत तो डीएनए क्रोमॅटिनमध्ये (प्रोटीनांभोवती गुंडाळलेल्या अवस्थेत) दडलेलाही असू शकतो. त्यामुळे पुढे चिप-क्यूपीसीआर लागतंच, म्हणजे पेशीतलं प्रोटीन अँटिबॉडीने ओढायचं आणि त्याला चिकटून आलेला डीएनए मोजायचा. प्रायमर बॉक्सच्या आसपास एक जोडी आणि त्याच जीनच्या कोडिंग भागात, जिथे बॉक्स नाही तिथे दुसरी जोडी. झाडाला पॅथोजेन किंवा सॅलिसिलिक अ‍ॅसिड दिल्यावर आणि न देता, दोन्ही सॅम्पल घ्या, कारण बरीच वर्की इन्फेक्शननंतरच वाढतात आणि शांत झाडात सिग्नल मिळाला नाही म्हणून प्रोजेक्ट बंद करणं हा मूर्खपणा होईल.