हेल्मेट घेताना या चुका टाळा

कुणी नवी गाडी घेतली की हेल्मेटबद्दल मला दोनच प्रश्न येतात: केवढ्याचं घेऊ आणि कुठला रंग घेऊ? मापाचं कुणी विचारत नाही. म्हणून सुरुवात तिथूनच.

सैल हेल्मेट. दुकानात मोठं हेल्मेट सुखाचं वाटतं. पटकन चढतं, पटकन निघतं, केस विस्कटत नाहीत. आमच्या सोसायटीतल्या एका मुलाने याच हिशोबाने एक्सएल घेतलं. पहिल्या पावसात कात्रज घाटात गाडी घसरली. वेग फारसा नव्हता आणि पट्टाही लावलेला होता, तरी हेल्मेट डोक्यावरून निघून पुढे गडगडत गेलं. कपाळाला टाके पडले. नंतर टेपने मोजलं तर डोकं ५७ सेंटीमीटर, म्हणजे बहुतेक कंपन्यांचं मीडियम! पण सोसायटीत चर्चा काय, तर ‘हेल्मेट घालूनही लागलंच ना.’ पुण्यात हेल्मेटविरोधकांना एवढं पुरतं.

नवं हेल्मेट गालांवर दाबलंच पाहिजे. बोलताना गाल दाताखाली येतोय असं वाटलं तर माप बरोबर आहे. आतला स्पंज वापराने बसतो, त्यामुळे आज आरामशीर वाटणारं हेल्मेट थोड्याच महिन्यांत हलायला लागतं. माझी सवय अशी: भुवयांच्या जरा वर टेप धरून डोकं मोजायचं, हेल्मेट घालून पट्टा लावायचा, मान खाली घालायची आणि सोबतच्याला मागची खालची कड धरून वर-पुढे ढकलायला सांगायचं. निघालं तर ते हेल्मेट परत फळीवर. मग पंधरा मिनिटं तसंच घालून दुकानात थांबायचं. कपाळावर एकाच जागी लाल वळ उठला तर माप बरोबर असूनही आकार तुमच्या डोक्याचा नाही, दुसरी कंपनी बघा. दुकानदार चमत्कारिक नजरेने बघतो. बघू दे. ज्यांना एवढा वेळ नाही ते फोटो बघून ऑनलाइन मागवतात आणि मग मान दुखते म्हणून मलाच फोन करतात.

पावतीपुरती टोपी. चौकात पोलीस दिसले म्हणून रस्त्याकडेला घेतलेलं हेल्मेट. ते उलटं करून आत बघा. कवचाच्या आत थर्माकोलचा कडक, जाड थर नसेल तर हातात नुसतं प्लॅस्टिक आहे, कारण आघात तोच थर चेपून घेतो. १ जून २०२१ पासून आयएसआय खुणेशिवाय दुचाकीचं हेल्मेट विकताच येत नाही. पण खुणेचे स्टिकरही छापून मिळतात, त्यामुळे नुसती खूण बघून भागत नाही. खुणेच्या वर आयएस ४१५१, म्हणजे हेल्मेटच्या भारतीय मानकाचा क्रमांक, आणि खाली सीएम/एलने सुरू होणारा परवाना क्रमांक हवा. तो भारतीय मानक ब्युरोच्या ‘बीआयएस केअर’ ॲपमध्ये टाकला की उत्पादकाचं नाव येतं. नाव जुळलं नाही तर बाहेर पडा.

पट्टा न लावता फिरणाऱ्यांशी मी वाद घालत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १२९ मध्येही हेल्मेट पट्ट्याने नीट बांधलेलं असावं असंच लिहिलंय.

काळी काच रात्री नको.

काच आणि कवच पेट्रोल किंवा थिनरने पुसू नका, प्लॅस्टिक कमजोर होतं. साबणाचं पाणी पुरतं.

अपघातात आपटलेलं हेल्मेट बाहेरून कितीही चकाचक दिसो, ते टाकायचं. चेपलेला थर्माकोल पुन्हा फुगत नाही आणि बाहेरून दिसतही नाही. सेकंडहँड हेल्मेट याच कारणाने घेऊ नका, मित्राचं असलं तरी.

आणि मागे बसणारीसाठी आपलं जुनं, ढिलं झालेलं हेल्मेट ठेवायची पद्धत बंद करा. तिचं डोकं तुमच्या मापाचं नाही. तिला दुकानात सोबत न्या, पण रविवारी संध्याकाळी नको. गर्दीत पंधरा मिनिटं कुणी थांबू देत नाही.