मुलांची चित्रं सुधारून घेताना या चुका टाळा

मुंबईतल्या पहिली-दुसरीच्या मुलाला 'चित्र काढ' म्हटलं की बहुतेक वेळा दोन डोंगर, मधून उगवणारा सूर्य, झोपडी आणि नारळाचं झाड येतं. खिडकीबाहेर समोरची बिल्डिंग, ग्रिलवर कावळा. कागदावर मात्र कोकण! हे पाठ झालेलं चित्र. ते सुधारणार कसं? ताडून बघायला समोर काहीच नसतं. म्हणून आधी बघायला काहीतरी द्या. कावळा चालेल. तो उडून जाणार, तेव्हा मोबाइलवर फोटो काढून ठेवा.

'वा, छान!' म्हणून मोकळं होणं

हे ऐकलं की मूल उठून खेळायला जातं. बरोबरच आहे, काम संपलं ना! 'चोच चुकली' म्हणूनही फारसं काही होत नाही. कशी चुकली ते त्याला कळत नाही. त्यापेक्षा विचारा: "चोच डोक्याच्या मानाने केवढी आहे? मान अंगाइतकीच काळी आहे का?" या दुसऱ्या प्रश्नाला मुलं थबकतात. आपल्याकडच्या नेहमीच्या कावळ्याची मान राखाडी असते, पण 'कावळा काळा' हे इतकं घोटलेलं असतं की समोर दिसत असूनही मान काळीच रंगवली जाते. मुलाने तुमच्या तोंडाकडे बघायचं सोडून पुन्हा कावळ्याकडे बघितलं पाहिजे, एवढ्यासाठीच हे प्रश्न.

हातातली पेन्सिल काढून घेणं

"थांब, मी दाखवते." रेघ झकास येते, पण ती आईची. पुढच्या वेळी "तूच काढून दे" ऐकायची तयारी ठेवा. बोट ठेवायचंच असेल तर फोटोवर ठेवा.

खोडरबर

माझ्या मते सगळ्यात जास्त नुकसान याने होतं. खोडून खोडून कागद फाटतो, आणि आधी काय काढलं होतं तेही नाहीसं होतं. घरात पाठकोऱ्या कागदांचा गठ्ठा ठेवा. प्रत्येक प्रयत्न नव्या कागदावर, जुना शेजारी. आकार जमेपर्यंत पेन्सिलच. ऑइल पेस्टल एकदा लावले की मुलाच्या लेखी चित्र पूर्ण झालं.

सगळं एकदम सांगणं

चोच, पाय, शेपूट, रंग, सगळं एका दमात नको. अमेरिकेतले शिक्षक रॉन बर्गर पहिलीतल्या एका मुलाने फोटो बघून काढलेल्या फुलपाखराचं उदाहरण देतात. वर्गातल्या मुलांनी आधी फक्त पंखांच्या आकाराबद्दल सांगितलं, तो जमल्यावर आतल्या नक्षीबद्दल. सहाव्या खेपेचं चित्र पहिल्या चित्राशेजारी ठेवलं तर एकाच मुलाचं वाटत नाही. बर्गर यांच्या अटी तीन: बोलणं प्रेमाचं हवं, नेमकं हवं आणि उपयोगाचं हवं.

नेमकेपणा मुलांनाही शिकवावा लागतो. नाहीतर "ए, हे तर कबुतर!" आणि वर्गभर हशा. "फोटोत असं दिसतंय, तुझ्या चित्रात तसं" अशीच सुरुवात करायची, एवढा एक नियम पुरतो.

तरीही अडलं तर

दुसरं चित्र पहिल्यापेक्षा वाईट आलं? असं होतं. चोचीकडे लक्ष दिलं की पाय बिघडतात. दोन्ही कागद समोर ठेवून "यातलं काय ठेवूया?" विचारा. पहिल्या चित्रातलं अंग चांगलं असेल तर ते खिडकीच्या काचेवर धरून नव्या कागदावर गिरवू द्या. स्वतःचंच चित्र आहे, नक्कल नव्हे.

मूल रडवेलं झालं तर थांबा. दुसरी खेप उद्या.

एलिमेंटरी-इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षांची घाई नको. इंटरमिजिएटच्या ग्रेडवर दहावीला वाढीव गुण मिळतात हे खरं, पण त्यासाठी दुसरीतल्या मुलाकडून स्मरणचित्रं घोटून घेतली की पुन्हा तेच दोन डोंगर!

आणि चार वर्षांच्या पोराने गोळ्याला दोन पाय काढून "हा बाबा" म्हटलं, तर यातलं काहीही करू नका. बाबा कुठे चाललाय, ते विचारा.