मामांच्या पंचाहत्तरीला पाकिटाऐवजी देणगी, आमची तयारी

पत्रिकेत "कृपया आहेर आणू नये" छापलं तरी लोक पाकीट आणतातच, म्हणून यंदा आम्ही भावंडांनी ठरवलं की मामांच्या नावानं देणगी द्यायची. हे करायचं तर निदान पंधरा दिवस हातात ठेवा, आदल्या रात्री मोबाईलवरून पैसे टाकून होत नाही ते.

पहिलं काम, ज्यांच्या नावानं द्यायचंय ते काय बोलतात ते ऐका. मामा रिटायर झाल्यापासून रोज सकाळी नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयात पेपर वाचायला जातात (१८४० सालचं वाचनालय, हे ते प्रत्येक पाहुण्याला सांगतात), त्यामुळे सगळ्यांच्या डोक्यात आधी पुस्तकंच आली. कुसुमाग्रज प्रतिष्ठानचं 'ग्रंथ तुमच्या दारी' आहेच, देणगीतून पुस्तकांच्या पेट्या होतात आणि वाचकांच्या गटांत फिरतात, चांगलंच आहे की. पण चहाला बसले की मामा पुस्तकांवर कधीच बोलत नाहीत, ते बोलतात एसटीत कंडक्टर होते तेव्हाच्या, नाशिक जिल्ह्यातल्याच पेठ-सुरगाणा रूटवर. पावसाळ्यात तिकडे धो धो पाऊस, सगळं पाणी पश्चिमेला गुजरातकडे वाहून जातं, आणि एप्रिल-मेमध्ये बायका डोक्यावर दोन-दोन हंडे घेऊन चाललेल्या, हे शंभर वेळा ऐकलंय आम्ही. मग पेठ तालुक्यात पाण्याचं काम करणारी संस्था शोधली. आपल्याला गोशाळा आवडते म्हणून दुसऱ्याच्या नावानं गोशाळेला पैसे द्यायचे, ही भेट नाही, ते आपलंच दान झालं.

संस्थेचा धर्मादाय आयुक्तांकडचा नोंदणी नंबर विचारा, देणगीवर करात सूट मिळायची मान्यता (८०जी म्हणतात ती) आहे का विचारा, आणि जमलं तर एकदा प्रत्यक्ष जाऊन या. फोनवर गोड बोलणं कुणालाही जमतं.

आता पावती. इथं सगळे गोंधळतात. पावती ज्याच्या खात्यातून पैसे गेले त्याच्या नावानं आणि पॅननं बनते, करात सूट त्यालाच, तीसुद्धा जुन्या करप्रणालीत असेल तरच. मामांचं नाव "निमित्त"च्या ओळीत येतं, त्यांना करात काही मिळत नाही. रोख दोन हजारांच्या वर दिली तर सूट कुणालाच नाही, वस्तू दिल्या तरी नाही. आणि भावंडांनी सगळे पैसे एकाला जीपे करून त्यानं एकरकमी भरले तर सूट त्या एकालाच, मग वर्षभर टोमणे ऐका, त्यापेक्षा ज्यानं त्यानं आपापले भरा.

आणि ती "निमित्त"ची ओळ स्वतः लिहून द्या, तोंडी सांगू नका!! आत्याच्या वाढदिवसाला एका ठिकाणी आम्ही फोनवर नाव सांगितलं, पावती आली "कै. ... यांच्या स्मरणार्थ". नावानं देणगी म्हटलं की माणूस गेलेलाच असणार असं धरून चालतात. आत्या हसली खरी, पण संध्याकाळभर "मी गेले का गं?" चालू होतं. म्हणून यावेळी मोठ्या अक्षरात, "पंचाहत्तरीनिमित्त, भाचे-भाच्यांकडून". अन्नदान बुक करणार असाल तर पितृपक्ष टाळा, कारण तेच.

मुलांच्या संस्थेला वस्तू द्यायच्या असतील तर आधी फोन. दिवाळीत सगळेच फराळ नेतात, मुलांची पोटं बिघडतात. वह्या जूनच्या आधी, ब्लँकेट दिवाळीच्या आसपास, निफाडचा पारा पेपरात झळकायला लागल्यावर जाग येऊन उपयोग नाही. मुलांसोबत फोटो काढू नका, प्लीज.

एक मात्र स्पष्ट सांगते, प्रत्येकाला ही भेट चालत नाही. नवीन संसार मांडणाऱ्या जोडप्याला कुकर लागतो, त्यांच्या नावानं दान करून आपण मोठे होऊ नये. ज्यांच्या घरात ओढाताण चालू आहे त्यांना तर नाहीच.

पाकिटात रक्कम लिहायची की नाही यावर आमच्यात भांडण झालं. माझं मत, लिहू नका, लोक लगेच भागाकार करतात. (सगळ्यांची मिळून रक्कम मात्र ७५०१, तो एक रुपया मामींनी सोडू दिला नाही.) चार ओळींचं पत्र हातानं लिहा, पैसे कुठं जातायत ते साध्या शब्दांत, आणि सोबत काहीतरी हातात द्यायला हवंच, नुसता कागद दिला की लहान मुलं विचारतात गिफ्ट कुठंय. नाशिकला गुलाबाची काय कमी, फुलबाजारातून पंचाहत्तर आणायचे ठरलेत, चिवड्याचा पुडाही.

हे सगळं स्टेजवर माईकवरून जाहीर करायचं नाही, सकाळी घरी औक्षण झालं की द्यायचं. सगळ्यांच्या पावत्यांच्या पीडीएफ आल्यात माझ्या व्हॉट्सॲपवर, पण मामा मोबाईलमध्ये काही बघत नाहीत, तेव्हा उद्या प्रिंट. त्यांचं जुनं तिकिटांचं पाकीट अजून कपाटात आहे, मामी म्हणाल्या त्यातच घालून देऊ.