दगड ओळखायचाय? रंग सोडा, कण बघा

दगड ओळखायचा म्हटलं की बहुतेक जण आधी रंग बघतात आणि तिथेच फसतात, कारण काळा दगड बेसाल्ट असू शकतो, शेल (चिखल दाबला जाऊन झालेला दगड) असू शकतो, चुनखडकसुद्धा काळा असतो. रंग बाजूला ठेवा आणि कण एकमेकांना कसे धरून बसलेत ते बघा, दगड तयार कसा झाला ते बहुतेक वेळा तिथूनच कळतं.

पहिलं काम, ताजी बाजू उघडी करा. वरची साल ऊनपावसाने बदललेली असते, तिच्यावरून काहीच ठरवू नका. हातोडीने एक कोपरा उडवा (गॉगल घालूनच, कपची डोळ्यात गेली तर फार वाईट), धुवा, आणि दहापट मोठं दाखवणारं भिंग डोळ्याला जवळजवळ चिकटवून दगड हळूहळू भिंगाकडे आणा. उलटं करतात बरेच जण, भिंग दगडावर ठेवून लांबून बघतात, मग नीट दिसत नाही.

आता स्फटिक एकमेकांत अडकलेत, मध्ये फट नाही, पट्टे नाहीत, असं असेल तर तो बहुधा अग्निजन्य, म्हणजे वितळलेला रस थंड होऊन झालेला. ग्रॅनाइट उन्हात धरून हळूच फिरवा. सपाट तुकडे आरशासारखे लखकन चमकतात आणि विझतात, ते फेल्डस्पार. राखाडी, काचेसारखे, कसेही फिरवले तरी तसे न चमकणारे ते क्वार्ट्झ, म्हणजे आपली गारगोटी. काळे पापुद्रे टाचणीने सुटतात ते अभ्रक. हे सगळं नुसत्या डोळ्यांनी दिसतं कारण ग्रॅनाइट जमिनीखाली खोलवर हजारो-लाखो वर्षं हळूहळू थंड होतो, स्फटिकांना वाढायला वेळ मिळतो. बेसाल्टचा लाव्हा साधारण ११०० अंश सेल्सिअसला बाहेर येतो आणि उघड्यावर पटकन गोठतो म्हणून कण इतके बारीक. ऑब्सिडियन (हाही लाव्हाचाच दगड) तर इतका झटकन गोठतो की स्फटिक होतच नाहीत, काच होते सरळ.

कण एकमेकांत अडकलेले नाहीत, नुसते चिकटवल्यासारखे वाटतात? मग गाळाचा खडक. वाळू, चिखल, शिंपले थरावर थर साचतात, वरच्या वजनाने दाबले जातात आणि पाण्यात विरघळलेला चुना किंवा सिलिका (गारगोटीचंच द्रव्य) कणांच्या मध्ये बसून सिमेंटचं काम करते. वालुकाश्म कच्चा असेल तर अंगठ्याने घासला की वाळू हाताला लागते. चुनखडकावर व्हिनेगरचा थेंब टाका, भिंगातून बुडबुडे दिसतील. नाही दिसले तर थोडा खरवडून त्या भुकटीवर टाका. आणि स्टीलच्या चाकूने ओरखडा काढून बघाच, चुनखडक ज्या खनिजाचा बनतो त्या कॅल्साइटची कठिणता १ ते १० च्या मोह्स मापावर ३ आहे, क्वार्ट्झची ७ आणि चाकू साधारण साडेपाच, म्हणजे चुनखडकावर चरा पडतो, गारगोटीवर नाही.

तिसरा प्रकार रूपांतरित, आणि मला विचाराल तर सगळ्यात भारी हाच. जुना दगड खोल गाडला जातो, तापतो, दाबला जातो, पण वितळत नाही, घट्ट असतानाच आतले खनिज बदलतात (पूर्ण वितळून गोठला तर तो परत अग्निजन्यच झाला). शेलची स्लेट होते, आणखी दाब-उष्णता मिळाली तर शिस्ट (पापुद्र्यांचा चमकदार दगड), मग नाइस (gneiss, पट्टेरी दगड). टिचकी मारून बघा, स्लेट खणखणते, शेलचा आवाज बद्द येतो. नाइसमध्ये गडद-फिके पट्टे असतात, ते गाळाचे थर समजू नका, भिंगात कण एकमेकांत अडकलेले दिसतील. संगमरवरही व्हिनेगरसारख्या आम्लाने फसफसतो कारण तो मुळात चुनखडकच, फक्त त्याचे कण साखरेसारखे चमचमतात आणि शिंपल्यांच्या खुणा बहुतेक पुसल्या गेलेल्या असतात. वालुकाश्म आणि क्वार्टझाइट (वालुकाश्माचाच रूपांतरित दगड) यांच्यात गोंधळ झाला तर तुटलेली कड बघा, वालुकाश्म सहसा कणांच्या बाजूबाजूने तुटतो, क्वार्टझाइट कणांच्या आरपार.

शेवटी दगडावर नंबर टाका आणि वहीत जागा लिहा, कातळातून काढला की नदीत सापडला तेही, कारण नदीतला गोटा वरून कुठूनही वाहत आलेला असतो, त्याच्यावरून तिथल्या जमिनीबद्दल काही ठरवता येत नाही.