उष्णताप्रेमी जिवाणूंची प्रथिनं अभ्यासताना या चुका टाळा

३७ अंशांवर चाचणी घेतली, क्रिया जेमतेम दिसली, म्हणून ‘घडी (प्रथिनाचा त्रिमितीय आकार) नीट बसलेली नाही’ असं ठरवून नळी टाकून दिली. ही चूक फार होते आणि दर वेळी जिवाला लागते, कारण बहुतेकदा त्या नळीतलं प्रथिन ठणठणीत असतं. थर्मस अक्वॅटिकस या उष्णताप्रेमी जिवाणूचं टॅक पॉलिमरेज (डीएनएच्या प्रती काढणारं एन्झाइम, म्हणजे रासायनिक क्रिया घडवणारं प्रथिन) ७० ते ८० अंशांच्या आसपास जोमानं चालतं. ३७ ला त्याची घडी शाबूत असते, पण कामासाठी लागणारी हालचाल मंदावलेली असते. आधी तापमान वाढवून बघा, मग निर्णय घ्या.

दुसरी चूक विचारातली आहे: टिकाऊ म्हणजे ताठर. उष्णताप्रेमी थर्मस थर्मोफिलस आणि आतड्यात राहणारा ई. कोलाय या जिवाणूंच्या एकाच एन्झाइमची, आयसोप्रोपिलमॅलेट डिहायड्रोजिनेजची, तुलना १९९८ साली प्रसिद्ध झाली. प्रथिन जड पाण्यात (ज्यात हायड्रोजनच्या जागी ड्यूटेरियम हा त्याचा जड प्रकार असतो) ठेवायचं आणि त्याच्या कण्यातले, म्हणजे मुख्य साखळीतले, हायड्रोजन किती वेगानं ड्यूटेरियमशी अदलाबदल करतात ते मोजायचं. आतला भाग जितका उघडमीट करतो, तितकी अदलाबदल जास्त. खोलीच्या तापमानाला थर्मसचं एन्झाइम ताठर दिसलं, पण दोघांना आपापल्या कामाच्या तापमानाला मोजलं तेव्हा लवचीकता जवळपास सारखीच निघाली. म्हणून दोघांना २५ अंशांवर बसवून केलेली तुलना मला अर्धवट वाटते. उणे १७३ अंशांवर गोठवलेल्या स्फटिकातल्या हालचालीवरून निष्कर्ष काढणं त्याहून धोक्याचं.

स्थैर्य वाढवलं की क्रिया घटणारच, हेही गृहीत धरू नका. पॅरा-नायट्रोबेंझिल एस्टरेज या एन्झाइमवर प्रयोगशाळेत बदल आणि निवडीच्या फेऱ्या करून त्याचं वितळण्याचं (घडी उलगडण्याचं) तापमान सुमारे १४ अंशांनी वाढवलं गेलं, तरी कमी तापमानाची क्रिया गेली नाही. बदल कुठे करता यावर सगळं आहे. क्रियास्थळावर (एन्झाइम जिथे काम करतं त्या जागी) झाकणासारख्या हलणाऱ्या लूपमध्ये, म्हणजे साखळीच्या वळणात, प्रोलिन (साखळी ताठ करणारं अमिनो आम्ल) किंवा डायसल्फाइड बंध (दोन गंधक अणूंमधला जोड) घातला की तो लूप जखडतो. असे बदल आधी क्रियास्थळापासून दूरच्या सैल लूपमध्ये करून बघावेत.

आता बफर, म्हणजे पीएच (आम्लतेचं माप) स्थिर ठेवणारं द्रावण. ट्रिस या नेहमीच्या बफरचा पीएच दर अंशामागे साधारण ०.०२८ नं उतरतो. २५ अंशांना ८ ठेवलेला पीएच ७५ अंशांना ६.६ च्या आसपास येतो, आणि ‘उष्णतेनं एन्झाइम मेलं’ असं वाटतं तेव्हा खरा दोष आम्लतेचा असू शकतो. पीएच कामाच्या तापमानाचा हिशेब धरूनच लावा, नाहीतर फॉस्फेट वापरा. त्याचा पीएच तापमानानं फारसा हलत नाही.

एन्झाइमविरहित नळीही त्याच तापमानाला शेजारी ठेवा. एनएडीएच (अनेक एन्झाइमांचा साथीदार रेणू, ज्याचं प्रकाशशोषण मोजून क्रिया ठरवतात) गरम पाण्यात आपोआप विघटित होतं, त्यामुळे ३४० नॅनोमीटरवरचं शोषण एन्झाइम नसतानाही उतरत राहतं.