४६, ४८ आणि भेकराची ६

बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला कांद्याच्या मुळाची स्लाइड सगळेच करतात. मुळाचं टोक रंगात गरम करायचं, काचेखाली ठेवून अंगठ्याने दाबायचं, सूक्ष्मदर्शकात पेशीतली गुणसूत्रं, म्हणजे डीएनएच्या गुंडाळ्या, मोजायची आणि जर्नलमध्ये लिहायचं: गुणसूत्रं १६. मला तेरा दिसली होती. मी सोळा लिहिली. सही मिळाली.

पुढे एमएस्सीला कळलं की असं करणारी मी एकटी नव्हते. १९२३ साली थिओफिलस पेंटर या अमेरिकन शास्त्रज्ञाने माणसात ४८ गुणसूत्रं असल्याचं जाहीर केलं आणि पुढची तीस वर्षं मोजणाऱ्यांना ४८च दिसत राहिली. १९५६ साली जो हिन चिओ आणि आल्बर्ट लेव्हान यांनी स्वीडनमधल्या लुंडला पेशी नीट पसरवून गुणसूत्रं मोजली, तेव्हा ती ४६ भरली. त्यांनी वापरलेलं कोल्चिसिन पेशीचं विभाजन ऐन मोक्यावर थांबवतं. आपल्याकडे पावसाळ्यात कुंपणावर फुलणाऱ्या कळलावीच्या कंदातही तेच विष असतं. लहानपणी आई ती फुलं हाताळू द्यायची नाही, आणि आज माझी नोकरी त्याच रसायनावर चालते.

नोकरी म्हणजे पुण्यातल्या एका निदान प्रयोगशाळेत कॅरिओटाइप करणं, म्हणजे रुग्णाची गुणसूत्रं मोजून त्यांच्या जोड्या लावून बघणं. मला खरं तर उत्क्रांतीवर काम करायचं होतं. पीएचडीच्या दोन मुलाखतींत नाकारलं गेल्यावर मी नाइलाजाने इकडे आले, त्यामुळे पहिले सहा महिने तोंड पाडूनच काम केलं. आता म्हणेन की उत्क्रांती शिकायला याहून चांगली जागा मला मिळाली नसती. तुम्ही जेनेटिक्सला येऊ बघत असाल तर निदान काही महिने असं हाताने करायचं काम करा.

काम असं. रुग्णाचं रक्त ७२ तास ३७ अंशांवर वाढवायचं, शेवटी कोल्चिसिन घालायचं, मग पेशी क्षाराच्या पातळ द्रावणात फुगवायच्या आणि मिथेनॉल-ऍसिटिक ऍसिडमध्ये पक्क्या करायच्या. त्यानंतर गार ओल्या काचेवर वरून थेंब टाकायचा. हा थेंब पुस्तकातून येत नाही. आमच्याकडचे ज्येष्ठ तंत्रज्ञ, ज्यांना सगळे काका म्हणतात, ते आधी खोलीतली हवा बघतात. पावसाळ्यात काच लवकर वाळत नाही, मेमध्ये फार लवकर वाळते, आणि दोन्ही वेळा गुणसूत्रं एकमेकांवर चढतात. माझ्या पहिल्या वीस-पंचवीस स्लाइड त्यांनी न बोलता बाजूला ठेवल्या होत्या. पुढे ट्रिप्सिन हे विकर आणि गिम्सा हा रंग वापरून गुणसूत्रांवर आडवे पट्टे आणायचे आणि जोड्या लावायच्या. दोन-तीन महिन्यांत पट्ट्यांवरून गुणसूत्र ओळखू येतं, चालीवरून माणूस ओळखावा तसं.

एकदा वारंवार गर्भपात होणाऱ्या एका जोडप्याचा नमुना आला. दोघांपैकी एकाची गुणसूत्रं ४५ भरली. मला वाटलं, माझंच चुकलं, पुन्हा कांदा. तिसऱ्यांदा मोजताना काका म्हणाले, “अगं, मोजू नकोस, बघ.” तेरावं आणि चौदावं एकमेकांना चिकटून एक झालं होतं. संख्या कमी होती, पण महत्त्वाचा मजकूर शाबूत होता. असे जोड साधारण हजारात एका माणसात सापडतात आणि बहुतेकांना आयुष्यभर पत्ताही लागत नाही. अडचण येते ती पुढच्या पिढीला वाटणी करताना, आणि तीही दर वेळी येत नाही.

तोपर्यंत माझी ठाम समजूत होती की संख्या बदलली की प्रजाती बदलली. (संख्येवरून मोठेपण ठरवणाऱ्यांनी लक्षात ठेवावं, बटाट्यालाही ४८ असतात.) घोड्याला ६४, गाढवाला ६२, त्यांचं खेचर ६३चं आणि वांझ, हे उदाहरण पाठ होतं. पण मंगोलियाच्या रानटी प्रेवाल्स्की घोड्याला ६६ असतात, पाळीव घोड्याशी त्याचा संकर ६५चा होतो, आणि त्या संकराला पिल्लं होतात. हे मला कुणी शिकवलं नव्हतं.

त्या रात्री घरी येऊन माणसाचं दुसरं गुणसूत्र पहिल्यांदा नीट बघितलं. चिंपांझी, गोरिला, ओरांगउटान या तिघांना ४८, आपल्याला ४६. १९८२ मध्ये या चौघांचे पट्टे शेजारी शेजारी ठेवले गेले, तेव्हा आपलं दुसरं गुणसूत्र त्यांच्या दोन लहान गुणसूत्रांची बेरीज असल्याचं स्पष्ट दिसलं. १९९१ मध्ये येल विद्यापीठातल्या गटाने जोडाची नेमकी जागा अक्षरांसह काढली.

ती जागा तुम्हीही बघू शकता, फुकट. यूसीएससी जीनोम ब्राउझर ही वेबसाइट उघडा, माणसाच्या जीनोमची, म्हणजे अख्ख्या डीएनए मजकुराची, एचजी३८ ही आवृत्ती घ्या, गुणसूत्र दोन, ११,३६,०२,५०० ते ११,३६,०४,०००. तिथली डीएनए अक्षरं मागवा. सस्तन प्राण्यांच्या गुणसूत्रांच्या टोकाला टीटीएजीजीजी ही सहा अक्षरं पुन्हा पुन्हा येतात. इथे ती गुणसूत्राच्या पोटात येतात, आणि मध्येच उलटून सीसीसीटीएए होतात, म्हणजे समोरून आलेलं दुसरं टोक. दोन जुन्या लुगड्यांचे पदर जोडून गोधडी शिवली की मधोमध नक्षी समोरासमोर येते, अगदी तसं.

यात माझे दोन दिवस वाया गेले, तुमचे जाऊ नयेत. एक, मी जुन्या एचजी१९ आवृत्तीचे आकडे नव्या आवृत्तीत टाकले आणि साडेसात लाख अक्षरं पलीकडे शोधत बसले. कुठलाही आकडा घेताना आवृत्ती आधी बघायची, हे मला तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं. दोन, पायथन या प्रोग्रामिंग भाषेत ती सहा अक्षरं सलग दहा वेळा शोधायला लावली. उत्तर आलं शून्य. मी जवळजवळ रडकुंडीला आले. मग अक्षरं कागदावर छापून लाल पेनाने खुणा करत गेले. कुठे एक अक्षर बदललेलं, कुठे एखादं गळलेलं. टोक म्हणून काम संपल्यावर त्या मजकुराची कुणी निगा राखली नव्हती. तो इतका झिजलाय, यावरूनच जोड जुना आहे हे कळतं.

सायबेरियातल्या डेनिसोवा गुहेत मिळालेल्या, नामशेष झालेल्या एका मानवगटातल्या व्यक्तीच्या बोटाच्या हाडाचा जीनोम २०१२ मध्ये बारकाईने वाचला गेला. हजारो वर्षांपूर्वीचा डीएनए चुरा होऊन येतो, त्यात अख्खं गुणसूत्र मोजायला मिळत नाही. मग त्या चुऱ्यात असे तुकडे शोधले ज्यांत सुलटी नक्षी आणि उलटी नक्षी एकत्र आहे. ते सापडले. म्हणजे आपल्या त्या नामशेष भावंडांमध्येही दुसरं गुणसूत्र जोडलेलंच होतं. ही युक्ती मला प्राचीन डीएनए वाचणाऱ्या स्वांते पेबोंच्या २०२२च्या नोबेलइतकीच आवडते.

आता व्यवहाराचं. एमएस्सीसाठी गॅट-बी आणि आयआयटी जॅम, पुढे सीएसआयआर नेट, या परीक्षा सगळ्यांना माहीत असतात. प्राचीन डीएनए करायचा असेल तर हैदराबादचं सीसीएमबी (पेशी आणि रेणू जीवशास्त्र केंद्र) आणि लखनऊची बिरबल साहनी संस्था ही नावं लक्षात ठेवा. माझ्या मुलाखती इंग्रजीमुळे गेल्या असं मी वर्षभर सांगत फिरले. खरं कारण म्हणजे मला संख्याशास्त्र येत नव्हतं. “हा फरक योगायोगाने पडला नाही हे कशावरून?” या प्रश्नावर मी गप्प बसले होते. लिनक्सची काळी खिडकी आणि थोडं पायथन बारावीचं पोरगंही शिकतं. संख्याशास्त्राला मात्र वेळ द्यावा लागतो, आणि जीवशास्त्रवाले तेच टाळतात.

माझं माहेर कोयनेच्या बाजूचं. तिथल्या जंगलात भेकर हे छोटं हरीण आहे. सस्तन प्राण्यांत सर्वात कमी गुणसूत्रं त्याची, हे मी तिशीला येईपर्यंत ऐकलं नव्हतं. चीनमधल्या त्याच्या जवळच्या भाऊबंदाला ४६ आहेत. भेकराच्या पूर्वजांत टोकाला टोक जोडत जोडत गुणसूत्रं लांबच लांब झाली आणि सांध्यांवर जुन्या खुणा राहिल्या. बंदिवासात या दोघांचा संकर झाला आहे, पण तो वांझ. म्हणजे संख्या कधी आडवी येते आणि कधी नाही, याचं एका ओळीत उत्तर नाही.

गावी गेलं की रात्री कधीतरी ते कुत्र्यासारखं भुंकताना ऐकू येतं. दादा अंथरुणातूनच म्हणतात, “बिबट्या फिरतोय, दार लावून घे.” मी दार लावते आणि मनात मोजते, मादी असेल तर सहा, नर असेल तर सात.