तुटलेली वायर सोपी, अर्धवट कुरतडलेली अवघड

ऑटो इलेक्ट्रिकच्या कामात नव्याने आलेल्यांना उंदराने वायर खाल्लेली गाडी आली की बरं वाटतं. बॉनेट उघडायचं, तुटलेली वायर शोधायची, जोडायची, टेप गुंडाळायची, झालं काम. निदानाची कटकट नाही, कारण चोर कोण ते आधीच माहीत. इतकी वर्षं हे काम केल्यावर माझं मत बरोबर उलट आहे. तुटून लोंबकळणारी वायर म्हणजे उंदराने आपल्यावर केलेली मेहेरबानीच. छळते ती अर्धवट कुरतडलेली वायर. तिच्यातून करंट जातो, मीटर बीप देतो, गाडी सुरूही होते. मग चढावर, नाहीतर पावसात, झटके देऊ लागते आणि गाडी परत तुमच्या दारात.

उंदीर वायर भुकेने खात नाही. त्याचे पटाशीचे दात आयुष्यभर वाढत राहतात आणि काही ना काही कुरतडून त्यांना धार ठेवावी लागते. बंद केलेलं इंजिन बराच वेळ ऊबदार असतं, वरून झाकलेलं असतं आणि बॉनेटखालच्या आवाजरोधक गादीतून घरट्याला कापूस फुकट मिळतो. गिऱ्हाईक हमखास विचारतं, ‘हल्ली वायरीला सोयाबीनचं आवरण असतं म्हणून खातात ना?’ या मुद्द्यावर अमेरिकेत वाहन कंपन्यांवर खटलेही झाले आहेत. पण साध्या पीव्हीसीच्या जुन्या वायरीही उंदरांनी तितक्याच आवडीने कुरतडल्या आहेत, त्यामुळे मी या वादात पडत नाही. दुरुस्ती दोन्हीकडे एकच.

बॉनेट उघडल्यावर नवख्याचा पहिला हात हवेच्या पाइपकडे जातो. घरटं आणि लेंड्या एका फवाऱ्यात उडवून टाकायच्या असतात. हे अजिबात करू नका. उंदराच्या मलमूत्रातून हंटाव्हायरस आणि लेप्टोस्पायरोसिस पसरू शकतात आणि वाळलेल्या लेंड्यांची धूळ हवेत उडाली की ती सरळ आपल्या नाकात जाते. व्हॅक्यूम क्लीनरचंही तेच. हातमोजे घाला, चांगला मास्क लावा. एक भाग ब्लीच आणि नऊ भाग पाणी असं द्रावण करून घाण भिजवा, पाच मिनिटं थांबा आणि कागदाने उचलून पिशवीत बांधा. ब्लीच कनेक्टरमध्ये किंवा ॲल्युमिनियमवर राहू देऊ नका, नंतर ओल्या फडक्याने पुसून घ्या. आणि साफ करण्याआधी फोटो काढा. घरटं कुठे होतं, लेंड्या कुठल्या रांगेत होत्या, यावरून उंदीर कुठून यायचा-जायचा ते कळतं आणि खाल्लेल्या बाकीच्या वायरी बहुतेक त्याच वाटेवर सापडतात.

बॅटरीची निगेटिव्ह लीड काढायचीच आहे, पण त्याआधी स्कॅनर (गाडीच्या संगणकातले बिघाड वाचायचं यंत्र) लावून कोड, म्हणजे त्याने नोंदवलेले बिघाडांचे क्रमांक, लिहून घ्या, कारण बॅटरी काढल्यावर काही गाड्यांची मेमरी पुसली जाते. पेट्रोलचा वास येत असेल किंवा कुठे जळल्याची खूण असेल, तर मात्र इग्निशन ऑन न करता आधी लीडच काढा. उंदीर फक्त वायर खातो असं नाही. प्लास्टिकची इंधननळी, व्हॅक्यूमची नळी, वॉशरची नळी हेही त्याला चालतं.

आता कोड. समजा यादीत पी०२०३ म्हणजे तिसऱ्या इंजेक्टरचं सर्किट, पी०३२५ म्हणजे नॉक सेन्सर (इंजिनातली ठकठक ओळखणारा) आणि पी०११३ म्हणजे आत येणाऱ्या हवेच्या तापमानाचा सेन्सर, असे तीन निघाले. पुस्तकातून शिकलेला मुलगा तीन स्वतंत्र बिघाड धरतो आणि एकेक भाग बदलायला निघतो. तुम्ही विचारा, या तिघांच्या वायरी एकमेकींजवळून कुठे जातात? उंदराला सर्किट कळत नाही, त्याला जागा कळते. हार्नेसचा, म्हणजे एकत्र बांधलेल्या वायरींच्या जुडग्याचा, मार्ग डोळ्यांसमोर आणला की तीन कोड एकाच ठिकाणी बोट दाखवतात. स्कॅनरवर त्या क्षणी दिसणारे सेन्सरचे आकडे, म्हणजे लाइव्ह डेटाही बघा. हवेचं तापमान उणे ४० अंश दाखवत असेल, तर सेन्सर बिघडलेला असण्यापेक्षा त्याचं सर्किट उघडं, म्हणजे कुठेतरी तुटलेलं, असण्याची शक्यता जास्त. याउलट, एकमेकांशी संबंध नसलेले बरेच सेन्सर एकदम मेले असतील, तर सेन्सरना ठरावीक ५ व्होल्ट पुरवणारी रेफरन्स वायर पाहा. ती अनेक सेन्सरना सामाईक असते आणि एका ठिकाणी सोललेली वायर बॉडीला टेकली की सगळे एकदम खाली बसतात.

मग शोध, आणि कामाचा खरा वेळ इथेच जातो. वरून दिसणारी जखम ही सहसा एकटी नसते. एअर फिल्टरचा डबा काढा, इंजिनचं प्लास्टिक कव्हर काढा. व्ही आकाराच्या इंजिनात इनटेक मॅनिफोल्डखालची दरी ही उंदराची आवडती खोली, आणि बऱ्याच गाड्यांत नॉक सेन्सरची वायर नेमकी तिथूनच जाते. फायरवॉलला चिकटून जाणारा हार्नेस, मडगार्डच्या आतलं लायनर, चाकाच्या स्पीड सेन्सरची वायर, ऑक्सिजन सेन्सरची शेपटी, सगळीकडे आरसा आणि टॉर्च घालून बघा. काळ्या नळीदार आवरणावर दोन-दोनच्या जोडीत दाताच्या खाचा दिसल्या, की आतली वायर शाबूत वाटली तरी आवरण उघडा. सापडलेल्या प्रत्येक जखमेच्या दोन्ही बाजूंना वीतभर टेप सोडवून पाहायचं हा नियम मी मोडत नाही. टेप सोडवायचा कंटाळा येतो, मला अजूनही येतो. पण परत आलेल्या गाडीचा कंटाळा त्याहून वाईट.

अर्धवट वायर ओळखायची कशी? गाडीची वायर अनेक बारीक तारांची असते. त्यातल्या बऱ्याच तुटून एक-दोनच शिल्लक राहिल्या, तरी मल्टिमीटर बीप देतो, कारण मीटर स्वतः अगदी किरकोळ करंट सोडतो आणि त्याला ती एक तार पुरते. प्रत्यक्ष काम करताना गणित वेगळं होतं. नुसता ०.२ ओहमचा अडथळा ओहममीटरवर नजरेतून सुटतो, पण १० अँपिअर वाहू लागले की तिथेच २ व्होल्ट खाल्ले जातात. म्हणून बीपवर विश्वास ठेवू नका. वायरला ओझं देऊन तपासा.

वायरीची दोन्ही टोकं कनेक्टरमधून मोकळी करा, ईसीयूचा, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या संगणकाचा, कनेक्टर तर नक्कीच. मग त्या वायरीतून बॅटरीच्या करंटवर बल्ब पेटवा. २१ वॉटचा बल्ब साधारण पावणेदोन अँपिअर घेतो. सेन्सरच्या बारीक वायरीसाठी ५ वॉटचा पुरे. बल्ब पेटलेला असताना वायरीच्या दोन टोकांमध्ये व्होल्टेज मोजा. ०.२ व्होल्टच्या वर पडत असेल तर ती वायर संशयित, आणि अर्थच्या (बॉडीला जोडलेल्या) वायरीला मी ०.१ च्या वर चालवून घेत नाही. ईसीयू जोडलेला असताना मात्र बल्बचा टेस्ट लॅम्प कुठेही टोचू नका, आतल्या ड्रायव्हर सर्किटला तेवढा करंट झेपेलच असं नाही. मीटरची जाड पिनही कनेक्टरच्या तोंडात खुपसू नका. टर्मिनलचं तोंड फाकतं आणि उंदराने न केलेला बिघाड आपण करून बसतो. मागून घालायच्या बारीक पिना मिळतात, त्या घ्या.

जोडकामात पहिली गोष्ट म्हणजे कापायचं धाडस. जखमेपाशी तांबं काळं किंवा हिरवं पडलेलं असतं, मूत्रातले क्षार आणि ओल तारांच्या आत पुढपर्यंत चढते. चकचकीत तांबं दिसेपर्यंत मागे कापत जा. लांबी कमी पडली तर मध्ये तुकडा घाला, ताणून जोडू नका. तुकडा त्याच जाडीचा हवा, ०.५ ला ०.५ चौरस मिलिमीटर, आणि इंजिनजवळ किमान १०५ अंश सेल्सिअस सोसणारा. घरगुती वायरिंगची वायर इथे चालत नाही. शक्यतो रंगही तोच घ्या, पुढच्या कारागिराला शिव्या द्यायची वेळ येणार नाही. शेजारच्या वायरींचे जोड एका रेषेत न ठेवता मागेपुढे ठेवा, नाहीतर हार्नेसला गाठ येते आणि जोड एकमेकांना घासतात. आणि हीट श्रिंक स्लीव्ह (गरम केल्यावर आकसून जोडावर बसणारी नळी) जोड करण्याआधी वायरीत ओवा. हे सांगायची गरज नसावी, पण असते.

सोल्डर (डाग देऊन जोडणं) की क्रिम्प (धातूच्या नळीत तारा दाबून जोडणं), यावर कारागिरांत पक्ष आहेत. मी क्रिम्पच्या पक्षाचा. सोल्डर तारांमध्ये ओढला जातो, वायर तेवढ्या भागात कडक होते आणि जिथे कडकपणा संपतो तिथे इंजिनच्या थरथरीने ती तुटते. आधार नीट दिला तर सोल्डरचा जोडही टिकतो, नाही असं नाही. पण ऑक्सिजन सेन्सरच्या वायरीला सोल्डर लावूच नका. झिर्कोनिया प्रकारचे अनेक ऑक्सिजन सेन्सर तुलनेसाठी लागणारी बाहेरची हवा तारांमधल्या फटीतून घेतात; सोल्डर आणि फ्लक्सने ती वाट बुजते आणि वायर उत्तम जोडूनही सेन्सर चुकीचं सांगू लागतो. क्रिम्पसाठी पकड नको, योग्य मापाचं क्रिम्पिंग टूलच हवं. जोड झाला की हाताने चांगला ओढून बघा. मग आतून गोंद असलेली, तिपटीने आकसणारी स्लीव्ह हॉट एअर गनने बसवा. दोन्ही टोकांतून गोंदाची बारीक कड बाहेर दिसली की पाणी आत जाणार नाही. लायटरने स्लीव्ह एका बाजूला जळते आणि दुसऱ्या बाजूला सैल राहते.

काही वायरींचे नियम वेगळे. एकमेकींना पीळ घातलेल्या दोन वायरी दिसल्या तर त्या बहुधा कॅन नेटवर्कच्या, म्हणजे गाडीतल्या संगणकांना एकमेकांशी बोलायला लागणाऱ्या, आहेत. पीळ बाहेरचा विद्युत गोंधळ रोखतो, म्हणून जोडताना तो कमीत कमी सोडा आणि पुन्हा घाला. नंतर बॅटरी काढलेली असताना ओबीडी सॉकेटच्या (स्कॅनर जोडायच्या सॉकेटच्या) ६ आणि १४ नंबरच्या पिनमध्ये रोध मोजा. नेटवर्कच्या दोन टोकांना १२० ओहमचे दोन रेझिस्टर असतात, म्हणून ६० च्या आसपास आकडा यावा. १२० आला तर कुठेतरी वायर तुटलेली, शून्याजवळ आला तर दोन्ही एकमेकींना चिकटलेल्या. काही नव्या गाड्यांत मध्ये गेटवे (नेटवर्कना जोडणारा वेगळा संगणक) असतो आणि हा आकडा जुळत नाही. तिथे त्या गाडीचा सर्किट डायग्राम हाच आधार. जाळीचं आवरण असलेली वायर असेल तर जाळीही जोडा, पण तिला नवीन ठिकाणी अर्थ देऊ नका. ती एकाच टोकाला अर्थ केलेली असते.

पिवळं आवरण एअरबॅगचं. बॅटरी काढल्यावरही त्या सर्किटमध्ये काही मिनिटं चार्ज उरतो, आणि बऱ्याच कंपन्या त्या वायरीला जोड द्यायची परवानगीच देत नाहीत. नारिंगी केबल हायब्रीड आणि इलेक्ट्रिक गाड्यांची उच्च दाबाची. तिच्यावर दाताची खूण दिसली तर हात लावू नका, त्या कामाचं प्रशिक्षण घेतलेल्याला बोलवा. शिकाऊ असताना ‘हे माझं काम नाही’ म्हणायला लाज वाटते; नारिंगी केबलपाशी ती वाटू देऊ नका.

वायर कनेक्टरच्या मानेपाशीच खाल्ली असेल तर जोडायला शेपूट उरत नाही. अशा वेळी वायरीसकट तयार कनेक्टर मिळतो, तो बसवावा. किंवा पिन काढायच्या टूलने टर्मिनल सोडवून नवीन घालावं. एकाच हार्नेसमध्ये ठिकठिकाणी जखमा असतील आणि कनेक्टरच्या आतही हिरवट चढलेलं असेल, तर जोडकामाचा हट्ट सोडा आणि पूर्ण हार्नेस बदलायचा सल्ला द्या.

गुंडाळायला कापडी, उष्णता सोसणारी हार्नेस टेप. साधी चिकट पीव्हीसी टेप इंजिनच्या उष्णतेत पाघळते आणि सुटते. काढलेली प्रत्येक क्लिप परत लावा. मोकळा हार्नेस एक्झॉस्टला टेकला तर उंदीर परवडला. फ्यूज उडालेला असेल तर त्याच अँपिअरचा घाला. पुन्हा उडाला तर अजून एक जखम शिल्लक आहे, इतकाच त्याचा अर्थ. मोठा फ्यूज घालून आग लागू शकते. शेवटी इंजिन चालू ठेवून हार्नेस हळूहळू हलवा, लाइव्ह डेटावर नजर ठेवा, कोड पुसा, गाडी रस्त्यावर फिरवून आणा आणि पुन्हा स्कॅन करा.

गिऱ्हाइकाशी बोलताना एक अडचण येते. वायर मूठभर, बिल मोठं. म्हणून काम सुरू करायच्या आधीच सांगा की वेळ जोडण्याला कमी आणि शोधण्याला जास्त लागणार आहे, आणि आवरणं उघडल्याशिवाय नक्की अंदाज देता येणार नाही. खाल्लेले तुकडे फेकू नका, फोटोंसोबत त्यांनाच द्या. विमा असेल तर तिथेही हे उपयोगी पडतात.

कामाला लागण्याआधी हात बसवायचा असेल तर भंगारातला एखादा जुना हार्नेस मिळवा. क्रिम्प करा, आडवा कापा, भिंगाखाली बघा. तारा एकमेकींत घट्ट दाबल्या गेल्यात की मध्ये पोकळी आहे, हे एकदा डोळ्यांनी पाहिलं की हाताचा दाब आपोआप सुधारतो. दुसरं म्हणजे सर्किट डायग्राम वाचायची सवय. स्कॅनर कोणीही लावतो.

उंदीर परत येऊ नये म्हणून काय करावं, हा प्रश्न येणारच. पुदिन्याचं तेल उडून जातं. विष घातलं तर उंदीर ब्लोअरच्या वाटेत मरतो आणि ते काढायचं कामही तुमच्याकडेच येतं. मिरचीतलं तिखट द्रव्य, कॅप्सेसिन, लावलेली टेप होंडा कंपनी विकते. दुरुस्त केलेल्या भागावर ती किंवा तशी टेप गुंडाळायला हरकत नाही. छोटा उंदीर ६ मिलिमीटरच्या फटीतूनही शिरतो, त्यामुळे गाडी पूर्ण बंद करणं अशक्य. ब्लोअरच्या हवेच्या तोंडाला धातूची जाळी लावता येते, हवा अडणार नाही इतकी मोकळी. पंख्याच्या आणि एक्झॉस्टच्या जवळ काही बांधू नका. सगळ्यात उपयोगी म्हणजे घरट्याचा वास पूर्ण घालवणं, कारण त्या वासाने दुसरा उंदीर येतो, आणि गाडी आठवडेच्या आठवडे न हलवता उभी न ठेवणं. गाडी देताना गिऱ्हाइकाला बॉनेट उघडून दाखवा, जागा आता स्वच्छ आहे हे बघू द्या, आणि दर काही दिवसांनी त्याच जागी नव्या लेंड्या आहेत का ते पाहायला सांगा. दिसल्या तर इंजिन सुरू न करता आधी फोन करायचा.